आल्प्स? मी फक्त पिवळी नंबरप्लेट बघितली

लोक विचारतात, अरे तुम्ही अख्खी क्रिकेट टीम घेऊन म्युनिकहून आल्प्समधून इटलीला जाता, काय धमाल येत असेल ना! येत असेल हो, मागच्या सीटवर. मी ड्रायव्हर. माझ्या आल्प्समध्ये माझ्या पुढे चाललेली एक डच कॅरॅव्हॅन आहे, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, पिवळ्या नंबरप्लेटची, तिच्या मागे दोन सायकली टांगल्यात आणि त्यातल्या एकीचं चाक वाऱ्यावर गरागरा फिरतंय. बस्स.

तर गोष्ट जून २०२५ची. वेरोनाजवळच्या एका क्लबशी दोन फ्रेंडली मॅचेस ठरल्या आणि आमच्या कॅप्टननं निघायला नेमका पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा शनिवार निवडला. तेव्हा बव्हेरियातल्या, म्हणजे म्युनिकच्या राज्यातल्या, शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी लागते आणि जो तो पोराबाळांना घेऊन इटलीतल्या गार्डा लेकला पळतो. मी म्हटलं बाबांनो, हे दिवाळीच्या आदल्या दिवशी बोरघाट चढण्यासारखं आहे, पण टीममध्ये बोरघाट माहीत असलेले दोघंच, मी आणि एक सोलापूरचा पोरगा, बाकी तेलुगू पब्लिक, दोन पाकिस्तानी, एक श्रीलंकन आणि आमचा अफगाण ओपनर. कोण ऐकतंय.

चौदा जण, दोन नऊ-सीटर व्हॅन. नऊ सीटपर्यंत साधं कारचं लायसन्स चालतं, त्यामुळे बसचे पैसे वाचतात आणि माझी कंबर जाते. वर ती मॅट. इकडे बऱ्याच ठिकाणी पिच म्हणजे गवतावर अंथरलेली काथ्याची मॅट, आणि समोरच्या क्लबची फाटली होती म्हणून आमची न्यायची होती. उचलायला चार जण लागतात. गुंडाळी सीटच्या मधल्या जागेत आडवी घातली तर तिचं टोक थेट माझ्या कोपरापाशी, आणि आठवड्यापूर्वी पावसात भिजलेली असल्यानं गाडीभर ओल्या पोत्याचा वास.

पहाटे पाचला म्युनिक सोडलं, सहाला इर्शेनबर्गच्या चढावर गाड्या थांबलेल्या. हा चढ म्हणजे अजून धड डोंगरसुद्धा नाही, पण ट्रॅफिक रिपोर्टमध्ये रोज नाव. ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या कुफश्टाइनच्या अलीकडे पेट्रोलपंपावर लक्षात आलं की दुसऱ्या व्हॅनचं ऑस्ट्रियाचं विन्येट, म्हणजे हायवेचा टोल-पास, मी चुकीच्या नंबरवर घेतलंय, कारण ऐनवेळी गाडी बदलून मिळाली होती आणि डिजिटल विन्येट नंबरप्लेटला चिकटलेलं असतं. परत घेतलं. पैसे माझ्या खिशातून, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतोय, कॅप्टन वाचत असेल तर.

इन्सब्रूकनंतर ब्रेनर खिंडीकडे जाणारा ए-१३ हायवे लागतो, त्याचा टोल विन्येटमध्ये येत नाही, वेगळा भरायचा. मग यूरोपाब्रूके, १९६३ साली सुरू झालेला पूल, खाली दरी १९० मीटर. सगळ्यांनी खिडकीला नाकं लावली, मी कॅरॅव्हॅनच्या सायकलकडे बघत होतो. पुढे सगळं ठप्प. इथे नियम असा की गाड्या तुंबल्या की डाव्या लेनवाल्यांनी डावीकडे सरकायचं, बाकीच्यांनी उजवीकडे, मध्ये ॲम्ब्युलन्ससाठी मोकळी वाट. सोलापूरकर मागून म्हणतो, "काका, मधी एवढी जागा हाय की, घाला ना!" काका! अडतीस वर्षं वय माझं.

तुंबण्याचं कारण पुढचा, याच हायवेवरचा लुएगचा पूल. जुना झालाय, म्हणून जानेवारी २०२५पासून एरवी दोन्ही बाजूंना एकेकच लेन, गर्दीच्या दिवशी दोन सोडतात, पण तेव्हा साडेतीन टनांवरच्या गाड्यांनी डावीकडच्या लेनमधूनच जायचं, म्हणजे वजन पुलाच्या कडेला नको. हे मी मोठ्यानं समजावल्यावर मागे मॅटकडे आणि मग आमच्या विकेटकीपरच्या पोटाकडे बघून जी चर्चा झाली ती इथे लिहीत नाही.

ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवरची ब्रेनर खिंड १३७० मीटर. वाटतं काहीतरी भव्य असेल, तर ट्रकचं पार्किंग, आउटलेट मॉल आणि टॉयलेटची लाइन. तिथे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. अफगाण ओपनरला ही चटणी भयंकर आवडते, नुसती चमच्यानं खातो, पण त्या दिवशी दोन घास खाऊन डबा बंद केला. निघाल्यापासून त्याचा हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जात होता, निळा पासपोर्ट होता त्यात, निर्वासितांना जर्मनी देते तो. मी म्हटलं अरे इटलीत शिरताना कोण बघत नाही. तो म्हणाला, जातानाचं नाही, येतानाचं.

उतारावरचं फार काही आठवत नाही. पाट्या जर्मन आणि इटालियन दोन्हीत, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग ऑस्ट्रियाचा, मग सफरचंदाच्या बागा, मग उकाडा. एरवी पाच तासांचा रस्ता, आम्हाला साडेनऊ लागले. दोन्ही मॅचेस हरलो. (याच इटलीचा संघ जुलैमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कपला पात्र ठरला, तेव्हा आम्ही ग्रुपवर लगेच टाकलं की आम्ही काय ऐऱ्यागैऱ्यांकडून हरलो नव्हतो.)

सोमवारी रात्री परत येताना जर्मनीच्या सीमेवर कीफर्सफेल्डनला जर्मन पोलिसांची तपासणी, ती २०१५पासून आहेच. सगळ्या लेन एका लेनमध्ये, समोर टॉर्च, आणि आमची व्हॅन बाजूला घ्यायला सांगितली. गाडीत चिडीचूप. सगळे पासपोर्ट गोळा करून दिले, निळा मीच मधोमध घातला, का कोण जाणे. पोलिसानं तो उघडला, फोटो बघितला, चेहरा बघितला, पुन्हा फोटो. मग टॉर्च मॅटवर गेली, हे काय? उलगडून दाखवा. रात्री साडेअकराला चौघांनी उतरून काथ्याची मॅट रस्त्याकडेला हातभर उलगडली. आतून वेरोनाची माती आणि स्टंपवरची एक हरवलेली बेल पडली.

पासपोर्ट परत आले. इर्शेनबर्ग उतरेपर्यंत कोणी बोललं नाही, मग मागून ओपनरचा आवाज आला, चटणी उरलीये का?