बांधून ठेवलेल्या ट्रॉलरचा घसारा

४ ऑगस्ट, रात्री

यावेळची ३१ तारीख आली कधी गेली कधी कळलंच नाही. बारा वर्षं ३१ म्हणजे मंथ एंड, कंपनीचे महिन्याचे हिशेब बंद करायचे, रात्री अकराला वेर्ण्याहून फोंड्याला परत, आई जेवण झाकून झोपलेली. आता जूनपासून ताळगावच्या पठारावर, विद्यापीठात अकाउंट्स शिकवतेय, कॉन्ट्रॅक्टवर. पगार निम्म्याहून जरा जास्त, त्यावर आईने दोन महिने एकच वाक्य लावलंय, शिकवायचंच होतं तर नेटची परीक्षा दहा वर्षं आधी द्यायची होतीस गो. बरोबर आहे तिचं, काय बोलणार.

आज वर्गात घसारा घेतला, म्हणजे डेप्रिसिएशन, वस्तूची किंमत तिच्या आयुष्यभरात थोडी थोडी करून खर्चात टाकायची. सोप्पा टॉपिक म्हणून फार तयारी पण केली नव्हती. तर मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड उघडत नाही, एकदम म्हणतो, "मॅम, बंदीत ट्रॉलर बंद आसता, मागीर डेप्रिसिएशन कित्याक?" (मग घसारा कशाला?) घरचा ट्रॉलर आहे त्यांचा, मालीम जेटीवर. पावसाळी मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, नुसता बांधलेला.

मी लगेच पुस्तकातलं उत्तर दिलं, की कंपन्यांच्या हिशेबाचं जे मानक आहे, इंड एएस १६, त्याप्रमाणे वस्तू पडून असली तरी घसारा थांबत नाही, काळ जातो तशी ती जुनी होतेच. त्याला पटलं नाही. म्हणतो, बंदीतच तर आम्ही खरडून रंग काढतो, इंजिन खोलतो, झिजतो तो समुद्रात गेल्यावर! आणि खरं सांगायचं तर मी गप्प झाले. बारा वर्षं दर महिन्याला सॅपमध्ये, म्हणजे कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एएफएबी हा घसाऱ्याचा कोड टाकून रन मारला, किती मशिनं त्या महिन्यात बंद होती ते एकदासुद्धा कोणाला विचारलं नाही.

मग आठवलं की त्याच परिच्छेदात पुढे सूट आहे, घसारा वापरावर मोजत असाल तर उत्पादन नसताना तो शून्यही येऊ शकतो. मग काय, फेऱ्यांवर मोजायचा की इंजिनच्या तासांवर, यावरून वर्ग नुसता पेटला, कोकणी मराठी इंग्लिश सगळं एकदम. (त्या मुलाच्या पप्पांच्या एकट्याच्या धंद्याला इंड एएस लागूच होत नाही, ते मी आज मुद्दाम सांगितलं नाही, नाहीतर सगळी मजाच गेली असती.)

एका मुलीने विचारलं, मग मालकाला सोयीची ती पद्धत घ्यायची का. मी म्हटलं नाही, वस्तू जशी वापरली जाते त्याला धरून पद्धत ठरते, नफा किती दाखवायचाय त्यावरून नाही. बोलताना जरा अडखळलेच, कारण कंपनीत आमच्या मीटिंगांत पहिला प्रश्न नेमका तोच असायचा, आणि आकडा बसवून देणाऱ्यांत मी पण होतेच की.

आता एक्सेल उघडून बसलेय, एका कॉलममध्ये सरळ रेषेचा घसारा, म्हणजे दर महिन्याला सारखा, दुसऱ्यात तासांप्रमाणे, जून जुलैला शून्य. तासांचे आकडे अजून रिकामे आहेत, उद्या तो मुलगा पप्पांची डिझेलची वही आणणारे. येताना बांगडे पण आण असं जिभेवर आलं होतं, गिळलं, दोनच महिने झालेत नोकरीला.