तुम्ही विचारलेत म्हणून: प्रौढांच्या वर्गातला गोंधळ

प्रौढांच्या वर्गात कोणी गोंधळ घातला तर काय करायचे, हे नव्याने शिकवू लागलेले कार्यकर्ते मला नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

बेळगावात वडगावला आमचा साक्षरता वर्ग रात्री भरतो. यंत्रमागावरचे कामगार, उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून सुटून येणारे काही जण आणि घरचे आटोपून येणाऱ्या बायका असा तो वर्ग आहे. सुरुवातीला त्यांच्या मोठ्याने बोलण्यानेच मी हैराण झाले होते. मागाच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्याचा आवाज चढलेलाच राहतो आणि वर्षानुवर्षांच्या त्या आवाजाने कानही मंदावतात, हे उमगल्यावर मी त्यांना गप्प करणे सोडले आणि माझे ओठ दिसतील असे पुढे बसवू लागले.

खरा त्रास दिला तो पन्नाशी उलटलेल्या एका मामांनी. वाचायला सांगितले की ते शेजाऱ्याची पाटी ओढत आणि "बाई, या वयात काय तहसीलदार व्हायचं हाय की काय?" म्हणून सगळ्या वर्गाला हसवत. एकदा मी त्यांना सर्वांदेखत बोलले; ते उठून गेले आणि आठवडाभर फिरकले नाहीत. चूक माझी होती. चारचौघांत रागावलेले मूल दुसऱ्या दिवशी विसरते, पण घरात सून-नातवंडे असलेला माणूस विसरत नाही. मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते विजेच्या बिलावरचा आकडा पाहत होते: हात पूर्ण लांब करून, डोळे बारीक करून. वयाच्या चाळिशीच्या आसपास डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे अंधुक दिसू लागते. जवळच्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो ते यामुळेच. मामांना पुस्तकातली अक्षरे दिसतच नव्हती आणि ते कबूल करण्यापेक्षा थट्टा करणे त्यांना सोपे होते. चष्मा आल्यावर थट्टा पूर्ण थांबली नाही, पण पाटी ओढणे थांबले. आता नवीन माणूस आला की मी आधी त्याची नजर तपासते, मगच पुस्तक देते.

दुसरा वाद आपल्या सीमाभागाचाच. बसची पाटी आणि सरकारी अर्ज कन्नडमध्ये, म्हणून आधी कन्नड शिकवा, असे काही जण म्हणतात. मायबोली आधी, असे इतर ठणकावतात. १ नोव्हेंबर जवळ आला, एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस, की आवाज आणखी चढतात. १९५६ मध्ये बेळगाव महाराष्ट्राऐवजी आजच्या कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेले, तेव्हापासूनचे हे दुखणे वर्गात दाबून टाकावे असे मला वाटत नाही. मी खानापूर, निपाणी, चिकोडी ही नावे दोन्ही लिप्यांत फळ्यावर लिहिते. दोन्ही लिप्या ब्राह्मीतून आलेल्या आणि दोन्हींत क, ख, ग, घ हाच क्रम, त्यामुळे एक वर्णमाला तोंडी बसलेल्याला दुसरी परकी वाटत नाही. नावे जुळवता जुळवता वाद आपोआप धड्यात येतो.

दारू पिऊन आलेल्याला त्या रात्री सोबत देऊन घरी पाठवते, बोलणे दुसऱ्या दिवशी.

एका बाबतीत मात्र मी एकांताची वाट पाहत नाही. बायकांना उद्देशून कोणी अचकट बोलला, तर तिथल्या तिथे, सर्वांसमोर त्याला थांबवते. गेल्या वर्षी मला तेवढे धैर्य झाले नाही. मी त्या माणसाला वर्ग सुटल्यावर बाजूला घेतले, त्याने माफी मागितली आणि तो येत राहिला. ज्या काकींना तो बोलला होता त्या मात्र पुन्हा आल्या नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.