दुसरा पंप माझ्या नावावर

आमच्या घरी दोन पेट्रोल पंप आहेत असं लोक म्हणतात. कंपनीच्या कागदावर मात्र ते दोन वेगळ्या कुटुंबांचे आहेत. नागपूरच्या कामठी रोडवरचा जुना पंप बाबा आणि दादाचा, उमरेड रोडवरचा माझा. "चेन उभी केली तुम्ही!" असं कौतुक कोणी केलं की मला हसू येतं, कारण सरकारी तेल कंपन्यांच्या नियमात कुटुंबाची चेन बसतच नाही. एका कुटुंबाला एकच डीलरशिप, मग ती पंपाची असो, गॅस एजन्सीची असो की रॉकेलची. त्यामुळे दुसरा पंप काढायचा तर घरातलं असूनही नियमाच्या हिशेबात घरातलं नसलेलं माणूस आधी शोधावं लागतं. आमच्याकडे ते माणूस मी निघाले.

नियम असा. अर्जदार विवाहित असेल तर त्याचं कुटुंब म्हणजे तो, त्याची बायको किंवा नवरा आणि अविवाहित मुलं. अविवाहित असेल तर त्याचे आईवडील आणि लग्न न झालेली भावंडं. दादा बाबांच्या डीलरशिपमध्ये भागीदार झालेला, म्हणून तो बाद. वहिनी त्याच्या कुटुंबात, म्हणून तीही बाद. मी लग्न होऊन मानेवाड्याला आलेली, माझ्या किंवा नवऱ्याच्या नावावर काहीच नाही. लहानपणापासून डिपस्टिक म्हणजे टाकीतलं तेल मोजायची काठी, इंडेंट म्हणजे मालाची मागणी, शॉर्टेज म्हणजे घट, हे शब्द जेवताना ऐकलेली मी. आजी आयुष्यभर मला परक्याचं धन म्हणत आली, आणि तेल कंपनीने तिचं म्हणणं उचलून धरलं.

२०१८ च्या नोव्हेंबरात तिन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून मोठी जाहिरात काढली, देशभरात पन्नास हजारांहून जास्त ठिकाणं. अशा जाहिरातीत 'नागपूर जिल्हा' एवढंच लिहिलेलं नसतं. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या गावापासून कुठपर्यंत, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, हे सगळं दिलेलं असतं. उमरेड रोडच्या एका टप्प्यात मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, शेत बरोबर रस्त्याला लागून येत होतं. दादाने फोनवर सातबाराचा गट नंबर विचारला तेव्हाच मला कळलं की याच्या डोक्यात काय शिजून राहिलं आहे.

इथे नियमाची दुसरी गंमत कळली. डीलरशिप मोजताना कुटुंब एवढंसं, पण जमीन मोजताना ते ऐसपैस होतं. जमीन सासऱ्यांच्या नावावर असली तरी त्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र जोडलं की ती अर्जदाराची धरतात. अर्जदारांचे तीन गट असतात. पक्की जमीन हातात असलेले पहिल्या गटात, जमीन मिळेल अशी खात्री दाखवणारे दुसऱ्यात, जमीन नसलेले तिसऱ्यात. पहिल्या गटात पात्र अर्जदार असतील तर आधी त्यांच्यातच ड्रॉ होतो. भाडेपट्ट्याची जमीन असेल तर पट्टा किमान १९ वर्षं ११ महिन्यांचा लागतो. आमची मालकीचीच होती, त्यामुळे तो ताप वाचला. ड्रॉ संगणकावर होतो, त्यात कोणाची ओळख चालत नाही. माझं नाव निघालं.

खरं काम तिथून पुढे. नाव निघाल्यावर पेढे वाटणाऱ्यांना मी सांगत असते, अर्धा किलोच आणा. सुरक्षा ठेवीचा पहिला हप्ता, कागदांची तपासणी, जागेची पाहणी, मग एलओआय, म्हणजे कंपनीचं इरादापत्र. एलओआय हातात आल्यावर वाटतं आता पंप आपला. पण तो फक्त इरादा असतो, आणि तो पार पाडण्यासाठी लागणारी एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, ज्या फाईलवर मिळते, ती फाईल गावभर फिरते.

पेट्रोलियम नियम, २००२ मधला नियम १४४ हा सगळ्या पंपवाल्यांचा पाठ असतो. शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी यांची ना-हरकत त्याखाली लागते. चौकशी तीन महिन्यांत पूर्ण करावी असं नियमच सांगतो. पण ती चौकशी म्हणजे तहसीलदार, पोलीस, रस्ते, नगररचना, अग्निशमन अशा अनेक खात्यांचे अहवाल, आणि एक जरी अडला तरी बाकीचे टेबलावर वाट पाहत बसतात. त्यात जमीन अकृषक करणं, मोजणी, बांधकाम नकाशा हे वेगळंच. एका कार्यालयात आमचा अहवाल तयार होता, सही झालेली होती, पण तो पुढे पाठवायच्या रजिस्टरात चढलाच नव्हता. तिथले बाबू मला दर वेळी शांतपणे म्हणायचे, "ताई, होऊन जाते ना, काहून टेन्शन घेऊन राहिल्या?" मग २०२० चा मार्च आला आणि सगळ्यांचंच टेन्शन एकदम बदललं.

कागदांपेक्षा मला जास्त शिकवलं ते रस्त्याच्या परवानगीने. राष्ट्रीय महामार्गावर पंप म्हटला की वाहन सरळ आत वळवता येत नाही. आत येताना वेग कमी करायला ७० मीटरची लेन आणि बाहेर पडताना वेग घ्यायला १०० मीटरची लेन द्यावी लागते. आमची जागा रस्त्याला लागून जेमतेम पन्नास मीटर. म्हणजे दोन्ही लेन महामार्गाच्या हद्दीतून, पण शेजाऱ्यांच्या शेतासमोरून जाणार. इंजिनिअरने जमिनीवर चुन्याची रेघ मारली आणि ती शेजारच्या काकांच्या शेताच्या फाटकापुढून गेली. काका धुऱ्यावर उभे राहून बराच वेळ त्या रेघेकडे पाहत होते. मग म्हणाले, "पोरी, तुह्या लेनीपायी माही बंडी कुठून जाईन?"

मामाजी म्हणाले, "अरे बाप्पा, तुही वाट कोण बंद करून राहिलं?" पण काकांचं बरोबर होतं. साठच्या वेगाने येणाऱ्या ट्रकपुढे बैलबंडी काढायची कशी? शेवटी मागच्या पांदण रस्त्याला आम्ही मुरूम टाकून दिला, काकांनी फाटक तिकडे वळवलं, आणि रस्त्याकडेच्या नालीवर पाइप टाकून लेन झाली. हे कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही, पण ते झालं नसतं तर एक तक्रारअर्ज गेला असता आणि आमची फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर आली असती.

पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं, देशाचं मुख्यालय आपल्या नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर आहे. बाबांच्या पिढीचे लोक अजून त्याला 'एक्स्प्लोझिव्हचं ऑफिस' म्हणतात. नातेवाइकांना वाटलं, घराजवळचंच ऑफिस, लगेच काम होईल. पण अर्ज ऑनलाइन आणि परवान्याचा पाठपुरावा कंपनीचा, त्यामुळे जवळ असण्याचा फायदा शून्य. टाक्या पुरणं, दाबाची चाचणी, वैधमापन खात्याकडून टाक्यांचं कॅलिब्रेशन आणि मशीनला सील, हे त्या मानाने सुरळीत झालं. नेमणुकीआधी नोकरी सोडावी लागते, डीलरने पूर्णवेळ पंपच पाहायचा असतो. मी कॉलेजात अकाउंट्स शिकवत होते. राजीनामा दिला.

२०२१ च्या दसऱ्याला पंप सुरू झाला. दिवाळीला डेपो बंद राहतो, म्हणून बाबांच्या सांगण्यावरून टाक्या भरून घेतल्या. आमचा माल बोरखेडीच्या डेपोतून येतो, पैसे आधी भरावे लागतात. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री केंद्राने उत्पादन शुल्क कमी केलं, पेट्रोलवर ५ रुपये, डिझेलवर १० रुपये. सकाळी सहाला नवे भाव लागू. टाकीतलं डिझेल जुन्या भावाने घेतलेलं, विकायचं नव्या भावाने. दहा हजार लिटरला सरळ एक लाख गेले, वरचा व्हॅट वेगळा. ग्राहक खूश होते आणि मीही ग्राहक म्हणून खूश व्हायला हवं होतं. दादाचा फोन आला, त्याच्याकडेही तेच. पुढच्या मे महिन्यात पुन्हा असंच झालं, शुल्क पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांनी उतरलं. भाव वाढतो तेव्हा टाकीतल्या मालावर फायदा होतो हे खरं, पण तेव्हा रोज बदलणारा भाव वर जायचा तो पैशांनी, आणि खाली आला तो एका रात्रीत रुपयांनी.

याच दिवसांत मला कळलं की दोन पंप म्हणजे दोन पाय नव्हेत. एकदा टँकर यायला उशीर झाला, पेट्रोल संपत आलं, नोझलला पिशव्या बांधायची वेळ आली. दादाच्या टाकीत भरपूर माल होता. पण त्याच्याकडचं एक लिटरही माझ्याकडे आणता येत नाही. डीलर वेगळा, परवाना वेगळा, साठ्याचं रजिस्टर वेगळं. रस्त्याने आणायचं म्हटलं तर तो गुन्हाच. सख्खा भाऊ पंचवीस किलोमीटरवर भरल्या टाकीवर बसलेला आणि बहीण ड्राय.

येऊ शकतं ते ज्ञान. बाबांनी मला उन्हाळ्याचा हिशेब शिकवला. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीस अंशांवर असतं, टँकरमधलं पेट्रोल तापलेलं येतं आणि जमिनीखालच्या टाकीत थंड होऊन आकसतं. दहा अंशांचा फरक पडला तर बारा हजार लिटरमागे शंभर-सव्वाशे लिटर असंच 'गायब' होतं. चोरी नाही, गळती नाही. म्हणून टँकर आला की जारमध्ये नमुना, हायड्रोमीटर, थर्मामीटर, तक्त्यावरून १५ अंशांची डेन्सिटी (घनता) काढायची आणि चलानाशी ताडायची. फरक घनमीटरमागे तीन किलोच्या वर गेला की माल उतरवायचाच नाही. पावसाळ्यात उलटं संकट. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की इथेनॉल पाण्यासोबत तळाशी बसतं आणि ग्राहकाची गाडी दोन किलोमीटरवर बंद पडते. डिपस्टिकच्या टोकाला पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावून रोज पहाटे पाणी पाहणं, हे मी अजून सेल्समनवर सोपवलेलं नाही. कोणी मापाबद्दल बोललं की पाच लिटरचं माप काढून समोर भरून दाखवते. २५ मिलिलिटर इकडे-तिकडे चालतं, त्यापुढे नाही.

आता दुकान. कामठी रोडच्या पंपावर दादाने कॉम्प्रेसरच्या खोलीशेजारी कसंबसं छोटं दुकान कोंबलंय. त्यामुळे त्याचा एकच आग्रह होता: दुकान पहिल्याच नकाशात दाखव, नंतर भिंत हलवायची तर पुन्हा मंजुरी. टाक्या आणि मशीनपासून दूर, रस्त्यावरून दिसेल असं आम्ही ते बसवलं. सुरुवातीला मी फॅन्सी सामान भरलं: कार परफ्यूम, चॉकलेटं, इंपोर्टेड बिस्किटं. ते पडून राहिलं. उमरेड रोडवर कोळशाचे ट्रक आणि कऱ्हांडल्याला जाणारे सफारीवाले, ही माझी दोन गिऱ्हाइकं. सफारीवाले शनिवार-रविवारी पहाटे येतात. त्यांना पाणी, चहा, केळी, पॉवर बँकची केबल आणि स्वच्छ बाथरूम हवं असतं, त्यातही बाथरूम आधी. ट्रकवाल्यांना खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, हवा असतो, तो मी ठेवत नाही. त्यांच्यासाठी टॉवेल, साबण, चिवडा, रिचार्ज आणि थंड ताक. उघडी आग चालत नाही, म्हणून चहा मशीनचाच. तर्री पोह्यांची मागणी रोज होते, पण त्यासाठी पुढच्या टपरीवर पाठवते, आणि टपरीवाला मला गिऱ्हाईक पाठवतो.

लोकांना वाटतं पंप म्हणजे पैशांची खाण. डीलरचं कमिशन २०१७ च्या ऑगस्टनंतर थेट २०२४ च्या ऑक्टोबरात वाढलं. मधल्या सात वर्षांत पगार, वीज, कार्ड मशीन, सगळं वाढत गेलं. पाण्याच्या एका बाटलीमागे मला जे सुटतं, तेवढ्यासाठी दोन लिटर पेट्रोल विकावं लागतं, आणि पेट्रोलमध्ये बारा-तेरा लाखांचा एक टँकर आधी रोखीने अडकतो. म्हणून वाढ म्हणाल तर ती आमच्याकडे दुकानाच्या बाजूने झाली. दोन्ही दुकानांचा माल आता मी एकत्र ठरवते, घाऊकवाला दोन वेगळी बिलं फाडतो. बिस्किटाचा एक पुडाही दादाकडून माझ्याकडे बिलाशिवाय येत नाही. इतकं काटेकोर कशाला, असं बाबा पहिल्यांदा म्हणाले होते. आमच्या दोघांचे जीएसटी नंबर वेगळे आहेत हे कळल्यावर पुन्हा म्हणाले नाहीत.

तिसऱ्या पंपाचा विषय २०२३ च्या जाहिरातीच्या वेळी निघाला होता. वहिनीच्या माहेरची जमीन काटोल रोडला आहे. दादाचा मुलगा एकवीसचा झालेला, दहावीच काय, पदवीही झालेली, तरी तो अपात्र. लग्न झालेलं नाही, म्हणजे तो दादाच्या कुटुंबात. लग्न झालं की त्याचं कुटुंब वेगळं आणि अर्ज करायला मोकळा. तेव्हापासून वहिनी स्थळं पाहतेय. मुलींना भेटायच्या आधी दादा एक प्रश्न विचारून घ्यायला सांगतो: तिच्या नावावर गॅस एजन्सी तर नाही ना? पोरगं मात्र पुण्याला नोकरीला लागलंय आणि फोनवर सांगतं की पंपाचा वास आला की त्याला मळमळतं.