फोडशीच्या मुळाशी

पहिला पाऊस स्थिरावला की आमच्या बाजारात फोडशी या रानभाजीच्या जुड्या येतात. आई पातीच्या आतला कडक दांडा ओढून काढते, बारीक चिरते आणि भिजवलेली मूगडाळ घालून परतते. लहानपणापासून खातोय. पण ताकदीसाठी दुधातून घेतात ती सफेद मुसळी याच भावकीतली, हे मला फार उशिरा कळलं.

मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. बोरिविलियानम म्हणजे आपलं बोरिवली! सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५५ साली ते दिलं. किती आनंद झाला होता मला!

मुसळी वापरतात ती वाजीकरणात, म्हणजे कामशक्ती आणि प्रजननशक्ती वाढवण्याच्या उपचारांत. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. त्यात चांगल्या संततीचाही विचार आहे. स्टेशनबाहेरच्या जाहिरातींनी मात्र त्याची पार रया घालवली, याचं वाईट वाटतं.

एकदा भाजीवाल्या मावशींनी मुळांचा झुबका दाखवला. बोटांएवढी, मातीने माखलेली मुळं. नखाने साल खरवडली तर आत पांढरीशुभ्र. म्हणाल्या, "पाला खुडला तर परत फुटतो रे. कंद उपटला की संपलं." मी दोन जुड्या घेतल्या, पाल्याच्या.