पोटातलं झाड

दुपारी सफरचंद खाताना एक बी गिळली गेली. लहानपणी असं झालं की आजी गंभीरपणे सांगायची, "आता पोटात झाड येणार हो." मग मी रात्री पोटावर हात ठेवून पडून राहायचे, सकाळी कानातून पालवी फुटेल या धाकात. कलिंगडाच्या दिवसांत तर पोटात अख्खा मळा! अजूनही बिया काढल्याशिवाय मला फळ खाववत नाही. घरचे हसतात. हसोत बापडे.

कारण एका माणसाच्या अंगात झाड खरंच शिरलं होतं. मेल्यावर, एवढंच. रॉजर विल्यम्स, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड वसाहतीचा संस्थापक. १६८३ मध्ये गेला, आपल्याच जागेत पुरला गेला. १८६० मध्ये कबर उकरली तर हाडं जवळजवळ नाहीतच. सफरचंदाचं मूळ मात्र कण्याच्या वाटेने उतरलेलं, कंबरेशी दुभंगलेलं, गुडघ्यात वाकून पावलांशी वळलेलं. तिथल्या हिस्टॉरिकल सोसायटीने ते जपून ठेवलंय.

माणूस भलताच भांडखोर. सरकारने कुणाच्या देवाधर्मात पडू नये, राजाच्या सनदेने इथल्या मूळ रहिवाशांची जमीन आपली होत नाही, असलं काहीबाही बोलायचा. मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या प्युरिटनांनी, म्हणजे कर्मठ ख्रिश्चनांनी, १६३५ मध्ये हद्दपारी सुनावली. ऐन हिवाळ्यात बर्फ तुडवत निघाला. आसरा दिला तो त्या मूळ रहिवाशांनीच. नॅरागॅन्सेट जमातीच्या सरदारांकडून जमीन मिळाली आणि १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स गाव वसलं. या, हवं तसं भजा, नको तर भजू नका! मॅसॅच्युसेट्सच्या बॉस्टनमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना फाशी होत होती तेव्हा इथे ते बिनघोर राहत होते.

आणि हे क्वेकर विल्यम्सला डोळ्यांसमोर नको असायचे! १६७२ मध्ये, सत्तरीला टेकलेला हा म्हातारा दिवसभर होडी वल्हवत न्यूपोर्टला पोचला, ते त्यांच्याशी वाद घालायला. तीन दिवस तिथे भांडला, मग पुस्तकभर खरडपट्टी काढली. पण यांना हाकला, असं काही म्हणाला नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी पहाटे भजनाची कॅसेट लावली की मी तडक सेक्रेटरीचं दार वाजवते.

इथेच थांबावंसं वाटतं. पण १६७६ मध्ये वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्या युद्धात प्रॉव्हिडन्स जळलं, जाळणाऱ्यांत नॅरागॅन्सेटही होते. त्यांची भाषा शिकून विल्यम्सने १६४३ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. १६७६ च्याच उन्हाळ्यात मूळ रहिवासी कैद्यांना ठरावीक वर्षांच्या गुलामीत विकायला गावाने समिती नेमली. समितीत विल्यम्स होता.