.२५-०६ साठी तांब्याची गोळी मिळवताना: माझा अनुभव

हरणासाठी .२५-०६ मध्ये (हे पाव इंची रायफलचं एक काडतूस) किती ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी घ्यावी, या प्रश्नाचा जेवढा बाऊ केला जातो तेवढा तो अवघड नाही. अवघड आहे ते ठरवलेली गोळी काउंटरवरून नेमकी तीच हातात पडणं. त्या प्रकारावरून माझं डोकं अजून तापतं, म्हणून हे लिहितोय. कॅलिफोर्नियात पाव इंची रायफल घेऊन पहिल्यांदा हरणाला निघालेल्या कुणाचा तरी वेळ वाचेल.

कॅलिफोर्निया मुद्दाम म्हटलं. १ जुलै २०१९ पासून इथे बंदुकीने कुठल्याही वन्यप्राण्याची शिकार करायची तर गोळी बिनशिशाची लागते. मारलेल्या जनावराचा कोठा रानात टाकला जातो, त्यात शिशाचे कण राहतात, ते कॉन्डॉर (गिधाडासारखे मोठे पक्षी) खातात आणि विषबाधा होऊन मरतात. नियम मला पूर्ण पटतो. फक्त त्यामुळे जुन्या शिकाऱ्यांचा निम्मा सल्ला इथे लागू पडत नाही. "११७ नाहीतर १२० ग्रेन घे आणि मोकळा हो," असं जो तो सांगतो. तो सल्ला शिशाच्या गोळीसाठी होता, आणि तिथे तो बरोबरच होता.

शिकारीचा कोर्स, लायसन्स, हरणाचा टॅग (हरीण मारण्याची परवानगी) हे सगळं सुरळीत पार पडलं. एकच लक्षात ठेवा, किनाऱ्याकडच्या ए झोनचा रायफल सीझन ऑगस्टमध्येच उघडतो. दिवाळीच्या सुमाराला बघू म्हणाल तर तिथला सीझन संपलेला असेल.

आता वजनाचं. पाव इंची म्हणजे ०.२५७ इंच व्यासाची गोळी. .२५०-३००० सॅव्हेज (१९१५), .२५७ रॉबर्ट्स (रेमिंग्टनने १९३४ साली बाजारात आणली), .२५-०६ (रेमिंग्टनचीच, १९६९), .२५७ वेदरबी मॅग्नम, या सगळ्या काडतुसांत गोळी त्याच व्यासाची बसते. पण वेग वेगळा. सॅव्हेजच्या नावातले ३००० म्हणजे ८७ ग्रेनच्या गोळीचा सेकंदाला फुटांत वेग. .२५-०६ शंभर ग्रेनला साधारण ३२०० फुटांनी फेकते, आणि वेदरबी त्याहूनही जोरात. म्हणून रॉबर्ट्समधून हरणावर छान काम करणारी पातळ आवरणाची गोळी वेदरबीतून जवळच्या अंतरावर खांद्याच्या हाडावर बसली तर तिथेच फुटते, मांस नासतं आणि फुप्फुसापर्यंत पोचेल याची खात्री उरत नाही. माझं स्पष्ट मत आहे: आधी गोळीची बांधणी ठरवा, वजन मागाहून.

शिसं चालतं अशा राज्यात असाल तर नॉस्लर पार्टिशन १०० किंवा ११५ ग्रेन. गोळीच्या मध्ये तांब्याच्या मिश्रधातूची भिंत असते, पुढचा भाग फुलतो आणि मागचा शाबूत आत जातो. ही रचना १९४८ पासून विकली जातेय ती उगाच नाही. आमच्याकडे सगळी गोळीच तांब्याची हवी. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. पण ती तुकडे पडून झिजत नाही, जवळजवळ सगळं वजन राखून आरपार जाते. म्हणून शिशाच्या ११७-१२० चं काम तांब्याची १०० ग्रेन करते. मी बार्न्स टीटीएसएक्स १०० ग्रेनवर शिक्कामोर्तब केलं. इथपर्यंत एका संध्याकाळचं काम.

मग दुकान.

मी घेतली तेव्हा काडतुसं ऑनलाइन मागवली तरी परवानाधारक दुकानात जाऊन, ओळखपत्र दाखवून, पडताळणी करूनच ताब्यात घ्यावी लागत. तेव्हा दुकानातूनच घेऊ म्हटलं. .२५-०६ काही फार खपाचं काडतूस नाही, फळीवर बहुधा एक-दोन प्रकार असतात. काउंटरवरच्या गृहस्थांनी एक पेटी पुढे सरकवली. "ही घ्या, कॉपर."

पेटीवर ११७ ग्रेन. बिनशिशाची असल्याचा कुठेही उल्लेख नाही. मी तसं म्हटलं, तर त्यांनी एक काडतूस काढून माझ्यासमोर धरलं. "बघा की, तांबं दिसतंय."

इथे मला खरंच राग आला, कारण नवख्या माणसाने ती पेटी नेली असती. शिशाच्या जवळपास प्रत्येक शिकारी गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असतंच. शिसं आत असतं. साध्या मऊ टोकाच्या गोळीत टोकाशी ते राखाडी दिसतं, पण बूड बहुतेक वेळा आवरणानेच झाकलेलं असतं, आणि काडतुसात ते केसमध्ये (पितळी नळकांड्यात) गाडलेलंही असतं. टोकाला प्लास्टिकची सुई असली की टोकावरूनही काही कळत नाही. शिशाची ११७ आणि निव्वळ तांब्याची १००, दोन्ही शेजारी उभी केली तर रंग तोच, टोक तसंच. डोळ्यांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. पेटी वाचा, नाव वाचा, आणि बनवणाऱ्याच्या माहितीत ती गोळी शिसेविरहित आहे का ते बघा. रानात वॉर्डनने (वन्यजीव अधिकाऱ्याने) विचारलं तर "दुकानदार म्हणाला" हे उत्तर चालणार नाही. तसंच, पेटी सोबत बाळगा, सुटी काडतुसं खिशात घेऊन फिरू नका.

मी कागदावर काडतूस, गोळीचं नाव, वजन आणि कंपनीचा पार्ट नंबर लिहून दिला. "पुढच्या आठवड्यात येईल," म्हणाले. पुढच्या आठवड्यात फोन केला तर पुढचा आठवडा. त्याच्याही पुढच्या आठवड्यात फोन उचलणारा माणूस वेगळा, त्याला ऑर्डरच माहीत नाही. उन्हाळा चढत चालला होता आणि माझ्याकडे रेंजवर झाडायला एक काडतूस नव्हतं. शेवटी निरोप आला, माल आलाय. धावत गेलो. पेटीत ७५ ग्रेनच्या प्लास्टिक टोकाच्या गोळ्या. या खारी आणि कोल्ह्यांसाठी असतात. लागताच चुरा व्हावा अशीच बांधणी. आणि त्याही शिशाच्या. मी म्हटलं, "ही हरणाची गोळी नाही." उत्तर मिळालं, "हलकी आहे, वेग जास्त, हरीण जागेवर बसेल."

नाही बसणार. खांद्यावर मोठी वरवरची जखम होईल आणि ते जनावर दिवसभर तडफडत फिरेल. हरणाला चाप ओढायचा तर एका गोळीत काम व्हावं ही आपली जबाबदारी आहे, आणि गोळी विकणाऱ्याचीही. मी तसं शांतपणे सांगितलं, आगाऊ रक्कम परत मागितली आणि ती मिळेपर्यंत काउंटर सोडला नाही. मागे रांग लागली होती, लागू दे म्हटलं.

गोळी मिळाली ती एका लहान दुकानात. तिथल्या बाईंनी माझा कागद घेतला, पार्ट नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "हीच ना?" इतकंच हवं होतं. तुम्हीही स्क्रीन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: गोळी मागवण्यापूर्वी नळीचा ट्विस्ट मोजा, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचा किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात ते. माझी रायफल जुनी, वापरलेली, आणि अशा रायफलची नळी बदललेली असू शकते. फिरत्या मुठीच्या क्लीनिंग रॉडला घट्ट चिंधी लावा, रॉड नळीत थोडा आत गेला की तोंडाशी त्यावर एक खूण आणि वरच्या बाजूला दुसरी खूण करा. हळूहळू ढकला. वरची खूण पूर्ण फिरून परत वर आली की थांबा, रॉड किती इंच आत गेला ते मोजा. माझा १० इंच निघाला. .२५-०६ ला बहुधा तोच असतो आणि १०० ग्रेनच्या तांब्याला तो पुरतो. स्थिरता ठरते ती मुख्यतः गोळीच्या लांबीवर, म्हणून १३१-१३५ ग्रेनच्या नव्या लांबुडक्या गोळ्या ७.५ किंवा ८ इंचाचा ट्विस्ट मागतात. जुन्या सॅव्हेजमध्ये १४ इंचाचा असतो, तिथे शिशाची १०० ग्रेनसुद्धा बऱ्याचदा डगमगते, तांब्याची तर विसराच.

रेंजवर शंभर यार्डांवर दीड इंच वर नेम बांधला, म्हणजे दोनशेला बरोबर मध्यावर येते. तीनशेपुढे मी तांब्याने मारणार नाही. या गोळीला फुलायला वेग लागतो, वेग उतरला की बारीक भोक पाडून निघून जाते. त्याच कारणाने थोडं पुढे, खांद्याला धरून मारा. आत हाड लागलं की चार पाकळ्या पुऱ्या उघडतात.

मला संधी मिळाली ती दीडशे यार्डांच्या आत. ओकच्या झाडाखाली ब्लॅकटेल जातीच्या हरणाचा नर आडवा उभा होता, माझा श्वास जागेवर यायला वेळ लागला. गोळी खांद्यामागून शिरून पलीकडे बाहेर पडली, तो थोडा पळाला आणि झुडपात आडवा झाला. फुप्फुसं दोन्ही गेलेली, मांस मात्र वाचलेलं. मला त्या गोळीचा अभिमान वाटला आणि स्वतःच्या हट्टाचाही.

आणि हो, शिशाच्या गोळ्या झाडलेल्या नळीतून लगेच तांब्याच्या झाडू नका. तांब्याचा थर काढणाऱ्या सॉल्व्हेंटने चिंधीवरचा निळा रंग जाईपर्यंत नळी साफ करा. साफ करण्याआधीचा माझा ग्रुप (लक्ष्यावर गोळ्या किती पसरतात ते) तळहाताएवढा होता, नंतर तीन गोळ्या इंचभरात बसल्या.