चांदीचा भोपळा : आमची वाटचाल

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या हुपरीत कुठल्याही गल्लीत शिरा, चांदीचं काहीतरी काम चालूच असतं. कुणी तार ओढतं, कुणी कड्या जोडतं, कुणी नुसतं पॉलिश करतं. एक पैंजण पुरं होईपर्यंत चार घरं फिरून येतं. आमच्या घराकडं घुंगरू. सासरे, आमचे मामा, जन्मभर घुंगरूच करत आलेत.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये लग्नं थांबली आणि पैंजणांच्या ऑर्डरीही. त्याच दिवसांत पुण्याच्या मावसबहिणीनं एका चार्म ब्रेसलेटचा फोटो पाठवला. साखळीला लोंबणारे इवलेसे चांदीचे डाग, म्हणजे दागिने : सिंड्रेलाचा बूट, बग्गी, भोपळा. ‘असलं करता का गं?’ करायला काय, येईल. पण भोपळाच करायचा तर आपल्या म्हातारीचा का नको? लेकीकडं जाऊन तूप-रोटी खाऊन जाडजूड झालेली, वाघाला ‘म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक’ म्हणून चकवणारी. मामांना सांगितलं तर म्हणाले, ‘भोपळा वाजला पाहिजे बघ. नुसता लोंबून काय उपयोग?’

तिथंच धंद्याची दिशा ठरली. कारण वाजणारा पोकळ भोपळा म्हणजे मोठं घुंगरूच. पत्र्याच्या दोन वाट्या ठशात दाबायच्या, भोपळ्याच्या फाकी ठशातच उठतात. आत गोळी सोडायची, वाट्या तोंडाला तोंड लावून टाकणखार घालून डाग द्यायचा, म्हणजे तापवून सांधायचं. पोकळी चारी बाजूंनी बंद असेल तर आचेनं आतली हवा फुगते आणि सांधा उडतो. म्हणूनही घुंगराला चीर असते. आमच्या भोपळ्याला तीच चीर म्हातारीची खिडकी झाली. नीट पाहिलंत तर आत तिचा अंबाडा दिसतो.

आतली गोळीही चांदीचीच. लोखंडी छर्रा टाकला तर आवाज खणखणीत येतो, स्वस्तही पडतो. पण गिऱ्हाइकाला चांदीचं वजन सांगायचं आणि आत लोखंड, हे आमच्याच्यानं होत नाही.

म्हातारी, वाघ, काठी हे मात्र ओतकाम. ते कोल्हापुरातून करून आणतो. मेणाचे नमुने एका दांडीला फांद्यांसारखे चिकटवतात, भोवती प्लॅस्टर ओततात, भट्टीत मेण वितळून निघून गेलं की त्या पोकळीत चांदी. माल ९२५ टंचाचा : हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. निव्वळ चांदी इतकी मऊ की म्हातारीचं नाक आठवड्यात झिजेल. वाघाचे पट्टे गंधकानं काळे केलेले असतात. ‘वाघ काळा पडला’ म्हणून फोन येतात, तेव्हा विनंती एवढीच की त्याला घासू नका! भोपळा खुशाल रिठ्याच्या पाण्यात धुवा.

विकणं मात्र नव्यानं शिकावं लागलं. पैंजण वजनावर जातं, वर मजुरी. चार्म नगावर जातो, आणि ‘एवढ्याशा चांदीला एवढे पैसे?’ हे रोज ऐकावं लागतं. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या पुढं गेली तेव्हा पैंजणवाल्यांची तारांबळ उडाली. आमचा डाग काही ग्रॅमचाच, म्हणून निभावलं. एका दुकानदारानं भोपळ्याला चाकं लावून मागितली, म्हणजे इंग्रजी शाळेतल्या पोरांना ओळखू येईल. सिंड्रेलाच्या गोष्टीत भोपळा आणला पेरो नावाच्या फ्रेंच लेखकानं, १६९७ मध्ये. त्याची बग्गी त्याला लखलाभ. आमचा भोपळा टुणूक टुणूकच जाणार.

सगळ्यात जास्त मागणी आज्ज्यांची. परदेशातल्या नातवंडांसाठी नेतात, तिकडं गोष्ट सांगताना हातात धरायला काहीतरी हवं म्हणून. त्यांना आवर्जून सांगतो, तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका, तोंडात जातं.

सध्या कोल्ह्यावर काम चाललंय. शेपूट बारीक ठेवली तर चांदी टोकापर्यंत पोचत नाही, जाड केली तर कोल्ह्याचं मांजर होतं. मामा म्हणतात, शेपूट तारेची वळून डाग देऊन लावू. करून बघतोय.